'डिसेंट'चा खरा वारसदार: 'ओव्हरलोड' पूर्ण खेळून झाल्यावर

तापीतीर, जळगाव

पॅरॅलॅक्स सॉफ्टवेअरने तयार केलेला आणि १९९५ साली इंटरप्लेने बाजारात आणलेला 'डिसेंट' हा संगणकावरचा खेळ ज्यांनी त्या काळी खेळला असेल, त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे. ज्यांनी त्याचे फक्त नाव ऐकले आहे त्यांनीही जरूर वाचावा. त्या खेळाचे जनक माईक कुलास आणि मॅट टोश्लॉग यांनी 'रिव्हायव्हल प्रॉडक्शन्स' ही नवी कंपनी काढून, २०१६ मध्ये किकस्टार्टरवर चाहत्यांकडून ३ लाख डॉलरपेक्षा अधिक रक्कम उभी करून, ३१ मे २०१८ रोजी 'ओव्हरलोड' आणला. तो मी नुकताच शेवटपर्यंत खेळून पूर्ण केला. जुन्या खेळाचे वारसदार म्हणवणारे अनेक खेळ अलीकडे आले, पण इतक्या प्रामाणिकपणे वारसा चालवणारा दुसरा माझ्या पाहण्यात नाही, आणि तसे का वाटते ते सविस्तर मांडण्याची इच्छा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' हा नेमबाजीचा खेळ आला आणि जिकडेतिकडे त्याचाच बोलबाला झाला, परंतु डूममधील खेळाडू जमिनीवर चालणारा होता आणि त्याला मान वर करून छताकडेही पाहता येत नसे. डिसेंटने जमीनच काढून घेतली. हाती एक छोटे यान, भोवती परग्रहावरच्या खाणीतले बोगदे, आणि यानाला सहा प्रकारची मोकळीक: पुढे-मागे जाणे, डावी-उजवीकडे सरकणे, वर-खाली सरकणे, नाक वर-खाली करणे, डावी-उजवीकडे वळणे आणि आडवी गिरकी घेणे. डूममधले राक्षस ही सपाट चित्रे होती. डिसेंटमधले रोबो मात्र खरोखरच त्रिमितीय आकाराचे होते आणि कोणत्याही बाजूने पाहिले तरी ठोस दिसत. त्या काळच्या ४८६ संगणकावर हे चालत असे, त्यामागची युक्ती फार सुंदर आहे. संपूर्ण खाण ही वेड्यावाकड्या ताणलेल्या घनाकृती कोठड्या एकमेकींना जोडून बनवलेली असे, आणि आपण ज्या कोठडीत आहोत तिच्या उघड्या बाजूंतून ज्या कोठड्या दिसू शकतात तेवढ्याच संगणक रंगवीत असे. बाकीची खाण त्या क्षणापुरती नसल्यासारखीच. बोगद्यांचे जग निवडल्यामुळे ही बचत शक्य झाली, आणि बोगद्यांमुळेच खेळाला त्याचा स्वभाव मिळाला.

तो स्वभाव म्हणजे दिशेचे भान टिकवण्याची सततची परीक्षा. एखाद्या चौकात तुम्ही गिरकी घेत तीन रोबोंशी लढता, लढाई संपते, आणि मग कळते की आपण कोणत्या बोगद्यातून आलो हेच आठवत नाही, कारण मघाशी जे छत होते ते आता डाव्या हाताची भिंत झालेले आहे. नेमबाजी तर कोणत्याही खेळात असते. हा खेळ खाणीचा नकाशा डोक्यात धरून ठेवायला लावतो, आणि तो नकाशा कोणत्याही बाजूने फिरवता आला पाहिजे असा आग्रह धरतो.

ओव्हरलोडने नेमका हाच गाभा जपला आहे. कथानक शनीच्या चंद्रांवरील खाणींत घडते, यानाचे नाव 'कोडाची' आहे, खाणीतले रोबो बिथरले आहेत, आणि शीतनिद्रेत अडकलेल्या कामगारांना सोडवून अणुभट्टी उडवायची व स्फोटाच्या आत बाहेर पडायचे आहे. जुन्या खेळाच्या नावाचे हक्क इंटरप्लेकडे असल्यामुळे नाव, यान, रोबो, सगळे नव्याने करावे लागले. तरीही पहिल्याच बोगद्यात कोडाची हलकेच सरकून भिंतीपाशी थांबते, तेव्हा जुन्या माणसाच्या बोटांना ओळख पटते. सोडलेल्या कळीनंतर यान किती अंतर तरंगत जाते, वळताना किती जड वाटते, या बारीक गोष्टींवर त्यांनी फार मेहनत घेतलेली आहे. तोल जरासा चुकला असता तर बाकी सगळी रोषणाई व्यर्थ गेली असती.

एक जागा जवळून सांगतो. एका उभ्या भुयारात मी नाक खाली करून उतरत होतो. भुयाराच्या तळाशी लालसर उजेड होता, आणि रोबो दिसण्याआधी त्याचा आवाज डाव्या कानात आला. मी न वळता फक्त उजवीकडे सरकलो, यानाची पाठ भिंतीला लागली, आणि रोबोच्या गोळ्या माझ्या नाकासमोरून वर निघून गेल्या. मग भिंतीच्या कडेकडेने घसरत, अर्धी गिरकी घेऊन, मी त्याच्या खालच्या बाजूला पोहोचलो आणि तिथून नेम धरला. या सगळ्यात 'खाली' हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. त्या क्षणी माझ्या दृष्टीने ते समोर होते. विहिरीचे काम पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला उभ्या भुयाराची भीती वेगळी सांगायला नको, आणि त्या भीतीत मुक्तपणे तरंगता येणे ही या खेळाची खरी देणगी आहे.

ज्यांनी खेळला आहे त्यांनी आपले मत लिहावे. मतभेद असतील तर तेही सविस्तर लिहावेत.

लोहमार्ग, भुसावळ

तापीतीर भाऊ, धागा वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे डिसेंट पोहोचला तो संगणक मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीवरून, आणि तोही पहिल्या ७ लेव्हलचा मोफत भाग. आमच्या वसाहतीत ज्या एका घरी संगणक होता तिथे संध्याकाळी पाच-सहा मुले जमत असू आणि एकाने यान चालवायचे, दुसऱ्याने गोळीबाराची कळ सांभाळायची, अशी वाटणी असे. बाकीच्यांचे काम वाट लक्षात ठेवणे. आपण म्हणता ती दिशेच्या भानाची परीक्षा आम्ही सगळे मिळून देत होतो.

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. ओव्हरलोडला किती दमाचा संगणक लागतो? माझ्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला मध्यम प्रतीचा लॅपटॉप आहे, पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी तो लॅपटॉप हात लावता येणार नाही इतका तापतो.

तापीतीर, जळगाव

लोहमार्ग दादा, खेळ युनिटी या खेळ बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर बांधलेला आहे आणि आजच्या मानाने त्याची मागणी माफक आहे. विंडोजबरोबर मॅक आणि लिनक्सवरही तो चालतो. उन्हाळ्याचे म्हणाल तर प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो, आणि मग चित्र मध्येच अडखळते. या खेळात असे अडखळणे फार महागात पडते, कारण गिरकीच्या मध्यावर चित्र थांबले की दिशा हरवते. म्हणून सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घालून ठेवावी, सावल्यांचा दर्जा एक पायरी उतरवावा, आणि लॅपटॉपची मागची बाजू उचलून खालून हवा खेळती ठेवावी. कूलर खोलीत असेल तर त्याचा दमट झोत थेट यंत्रावर घेऊ नये. मी स्वतः मे महिन्यात रात्री दहानंतरच खेळतो.

केळीबाग, रावेर

तापीतीर भाऊ, आपल्या मताचा आदर ठेवून माझा मतभेद नोंदवतो. यान चालवण्याचा अनुभव त्यांनी उत्तम साधला आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु डिसेंटच्या रोबोंना जे व्यक्तिमत्त्व होते ते मला ओव्हरलोडमध्ये कमी जाणवले. १९९६ च्या 'डिसेंट २' मधला चोर रोबो आठवा. तो अचानक येऊन तुमचे शस्त्र पळवून नेई आणि बोगद्यांत दिसेनासा होई. मग हातातली मोहीम बाजूला ठेवून माणूस त्याच्या मागे लागत असे. वाट दाखवणारा गाइड-बॉटही खरा रोबो होता, त्याला आधी शोधून बाहेर काढावे लागे, आणि तो पुढे उडत जाऊन आपण मागे राहिलो तर परत येई. ओव्हरलोडमध्ये त्याच्या जागी प्रकाशाची एक आकृती वाट दाखवते. काम होते, पण सोबत वाटत नाही.

दुसरा मुद्दा लांबीचा. मूळ डिसेंटमध्ये २७ लेव्हल आणि त्यावर ३ गुप्त लेव्हल होत्या. ओव्हरलोडची मोहीम त्याच्या साधारण निम्मी आहे. तिसरा मुद्दा अंधाराचा. काही खाणी इतक्या काळोख्या आहेत की भिंतीवरचा तपशील दिसत नाही, आणि मग एक बोगदा दुसऱ्यासारखाच भासतो. नकाशा डोक्यात धरायचा तर खुणा तरी दिसल्या पाहिजेत.

तापीतीर, जळगाव

केळीबाग आप्पा, चोर रोबोबद्दल आपण लिहिले ते शंभर टक्के मान्य. त्याच्यासारखा शत्रू ओव्हरलोडमध्ये नाही आणि ती उणीव आहे.

लांबीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. मूळ खेळातील मधल्या कितीतरी लेव्हल मला आज एकमेकींपासून वेगळ्या आठवत नाहीत. ओव्हरलोडच्या खाणी संख्येने कमी असल्या तरी प्रत्येकीची मांडणी वेगळी आहे, आणि एकेका खाणीत बराच वेळ जातो. शिवाय शस्त्रांची सुधारणा हा नवा भाग आहे. खाणीत लपवलेले गुण शोधून ते शस्त्रांवर खर्च करायचे आणि शेवटच्या पायरीवर दोन वाटांपैकी एकच निवडायची. ती निवड झाल्यावर खेळण्याची पद्धतच बदलते. 'रिफ्लेक्स'च्या गोळ्या भिंतीवर आपटून उलटतात, त्यामुळे कोपऱ्याआड दडलेल्या रोबोला स्वतः न दिसता टिपता येते. 'फ्लॅक' जवळच्या अंतरावर भयंकर आहे आणि लांबून निरुपयोगी. 'ड्रिलर' लांबून अचूक आहे, पण त्याला दारूगोळा लागतो, ऊर्जा नव्हे. ऊर्जा संपत आली की ड्रिलर, दारूगोळा संपत आला की 'इम्पल्स', असा हिशेब सतत चालू राहतो. क्षेपणास्त्रांत 'क्रीपर' मला सर्वांत आवडते. सुटल्यावर ते स्वतःच शत्रू शोधत तरंगत जाते, त्यामुळे एखाद्या दाराच्या आत चार-पाच सोडून आपण मागे सरकून वाट पाहू शकतो.

अंधाराबाबत एक सुचवतो: फ्लेअर, म्हणजे भिंतीला चिकटून उजेड देणारे गोळे, मोकळ्या हाताने वापरावेत. चौकात शिरताच आपण आलो त्या तोंडाशी एक फ्लेअर भिंतीवर मारून ठेवला की परतीची वाट काही काळ तरी उजळलेली राहते. ही सवय मूळ डिसेंटचीच आहे.

गणितशिक्षक, चाळीसगाव

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून डिसेंटमधील एका जुन्या कौशल्याची भर घालतो. त्यात पुढे जाण्याचा, बाजूला सरकण्याचा आणि वर सरकण्याचा जोर एकमेकांपासून स्वतंत्र होता. नुसते पुढे गेलात तर वेग १ धरू. पुढे आणि उजवीकडे एकाच वेळी गेलात तर चौरसाच्या कर्णाइतका, म्हणजे √२, सुमारे १.४१. आणि पुढे, उजवीकडे व वर अशा तिन्ही कळा एकदम दाबल्यात तर घनाच्या कर्णाइतका, म्हणजे √३, सुमारे १.७३. यान तिरके धरून घनाच्या कर्णाच्या दिशेने सरकत जाणारा खेळाडू सरळ जाणाऱ्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट वेगाने पळतो. खेळाडूंमध्ये याला 'ट्रायकॉर्डिंग' म्हणतात, आणि परस्परांविरुद्धच्या सामन्यांत ज्याला ते जमत नाही त्याचा निभाव लागणे कठीण.

वर्गात घनाचा कर्ण शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर "हे कशासाठी?" असा प्रश्न नेहमी दिसतो. हे उदाहरण दिले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा वहीत घन काढू लागतात. पाटणदेवीच्या परिसरात, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, तिथून जवळच्या शाळेत शिकवत असल्यामुळे मला या गोष्टीचे विशेष समाधान वाटते.

निशिगंधा, शिरपूर

तापीतीर दादा आणि सर्वांना नमस्कार. मी मूळ डिसेंट खेळलेला नाही. तो आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्या वसतिगृहात एका मैत्रिणीने ओव्हरलोड दाखवला आणि मी त्यात ओढली गेले. त्यामुळे जुन्या आठवणींशिवाय हा खेळ कसा वाटतो ते सांगू शकते.

सुरुवात अतिशय कठीण गेली. मी इतर नेमबाजीचे खेळ खेळलेले होते, त्यामुळे हात आपोआप 'समोर चाल आणि माउस फिरव' इतकेच करत होते, आणि वरून येणाऱ्या रोबोसाठी यान वर सरकवायचे असते हे सुचतच नव्हते. सर्वांत सोप्या पातळीवर खेळून मग एकेक पायरी चढत गेले. ज्या दिवशी एका मोठ्या दालनात छताला पाय लावल्यासारखे उलटे लटकून मी लढले आणि ते उलटे आहे हे लढाई संपेपर्यंत जाणवलेही नाही, त्या दिवसापासून मला दुसरे खेळ फार अरुंद वाटू लागले आहेत. म्हणून केळीबाग आप्पांनी दाखवलेल्या उणिवा मान्य करूनही मला वाटते की नव्या खेळाडूसाठी ओव्हरलोडच योग्य सुरुवात आहे.

मात्र एक अडचण आहे. अर्ध्या तासानंतर मला मळमळते आणि डोके जड होते. मैत्रिणीला असे काही होत नाही. यावर उपाय आहे का?

पांझराकाठचा डॉक्टर, धुळे

निशिगंधा ताई, यात काळजीचे कारण नाही. आपल्या प्रत्येक कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्या डोक्याच्या तिन्ही प्रकारच्या फिरण्याची बातमी मेंदूला देतात. या खेळात डोळे मेंदूला सांगतात की शरीर गरगर फिरत आहे, आणि कान सांगतात की शरीर खुर्चीवर स्थिर आहे. या विसंगतीमुळे काहींना मळमळ होते. घाटातल्या बसमध्ये पुस्तक वाचताना होणारा त्रास याच जातीचा, फक्त तिथे कानाची बातमी फिरण्याची असते आणि डोळ्यांची स्थिरतेची. गिरकीमुळे त्रास सर्वाधिक वाढतो. म्हणून सुरुवातीला यान आपोआप सरळ होण्याची सोय चालू ठेवावी, दृष्टिक्षेत्र थोडे रुंद करावे, चित्र अडखळणार नाही अशी व्यवस्था करावी, खोलीत दिवा लावून पडद्यापासून जरा लांब बसावे, आणि मळमळीची पहिली चाहूल लागताच थांबावे. रेटून खेळू नये. थोड्या थोड्या वेळाच्या सरावाने बहुतेकांना हे हळूहळू सोसू लागते. आभासी वास्तवाचा चष्मा लावूनही हा खेळ खेळता येतो, परंतु आपण इतक्यात त्या वाटेला जाऊ नये.

केळीबाग, रावेर

निशिगंधा ताईंचा प्रतिसाद वाचून माझ्या मतात थोडा फरक पडला आहे. आमच्यासारख्यांना तुलनेची सवय लागलेली आहे.

एक विचारतो. याच वाटेवरचे इतर खेळ कुणी खेळले आहेत का? १९९८ चा 'फोर्सेकन' मला आवडत असे. २०१५ मध्ये 'सबलेव्हल झिरो' आला होता, तो मी बराच खेळलो. त्यात खाण दर वेळी नव्याने रचली जाते आणि यान नष्ट झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तापीतीर, जळगाव

सबलेव्हल झिरो मीही खेळलो आहे आणि तो देखणा आहे. परंतु माझ्या मते त्याने वारशाचा अर्धाच भाग घेतला. खाण दर वेळी नवी असेल तर ती पाठ होण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि डिसेंटमध्ये खाण पाठ होणे हीच खरी कमाई होती. अणुभट्टी फुटल्यावर आकडे उलटे मोजले जाऊ लागतात, नकाशा उघडून न्याहाळायला सवड नसते, आणि आपण अर्ध्या तासापूर्वी ज्या वाटेने आलो ती वाट उलट्या क्रमाने, कदाचित उलट्या यानातून, आठवावी लागते. हाताने रचलेल्या खाणीत त्या पळापळीची आखणी रचनाकाराने आधीच करून ठेवलेली असते: येताना जे दालन बिनमहत्त्वाचे वाटले होते तेच जाताना निर्णायक ठरते. 'फोर्सेकन'मध्ये वेग होता, पण त्याचा कल सामन्यांकडे अधिक होता. १९९९ च्या 'डिसेंट ३' मध्ये यान खाणीबाहेर मोकळ्या आकाशातही नेता येई; ते नावीन्य म्हणून चांगले होते, तरी वर आकाश आणि खाली जमीन आली की मेंदूला टेकू मिळतो आणि या खेळाची धार बोथट होते. कुलास आणि टोश्लॉग यांनी ओव्हरलोडमध्ये पुन्हा बोगद्यांत परतण्याचा निर्णय घेतला, तो मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

लोहमार्ग, भुसावळ

खेळ घेतला आहे आणि सुरुवातही केली आहे. ६० ची मर्यादा घातल्यावर यंत्र बऱ्यापैकी शांत आहे. आता कळांची मांडणी सांगा. माझी जॉयस्टिक जुन्या गेमपोर्टची असल्यामुळे आताच्या लॅपटॉपला जोडता येत नाही, त्यामुळे की-बोर्ड आणि माउस यांवरच भागवायचे आहे.

तापीतीर, जळगाव

दादा, माझी मांडणी अशी आहे. पुढे-मागे जाण्यासाठी डब्ल्यू आणि एस, डावी-उजवीकडे सरकण्यासाठी ए आणि डी, वर सरकण्यासाठी स्पेसबार, खाली सरकण्यासाठी डावी कंट्रोल कळ, आणि गिरकीसाठी क्यू व ई. वळणे आणि नाक वर-खाली करणे माउसवर, शस्त्र डाव्या बटणावर, क्षेपणास्त्र उजव्या बटणावर. वर सरकण्याची कळ अंगठ्याखाली असणे अत्यावश्यक आहे, कारण नव्या माणसाकडून सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारी हालचाल तीच आहे. फ्लेअर माउसच्या बाजूच्या बटणावर ठेवा.

सुरुवातीला मोहिमेऐवजी 'चॅलेंज मोड'मधील एखादी छोटी जागा निवडा, सोपी पातळी ठेवा, आणि गोळी मारण्याची घाई न करता केवळ सरकत राहून रोबोंचा मारा चुकवण्याचा सराव करा. हात बसला की मग मोहिमेला लागा. निशिगंधा ताईंच्या मैत्रिणीसारखे कुणी सोबतीला असेल तर तेही बरे. एकाच नेटवर्कवरच्या दोन संगणकांवर आपसांत सामना लावता येतो, आणि समोर माणूस असला की गणितशिक्षक सरांनी सांगितलेला घनाचा कर्ण लवकर अंगवळणी पडतो.

निशिगंधा, शिरपूर

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे यान सरळ होण्याची सोय चालू केली आणि खोलीतला दिवा लावून खेळले. त्रास पुष्कळ कमी आहे. सर, तो तिन्ही कळांचा प्रकार आज संध्याकाळी मैत्रिणीविरुद्ध करून पाहणार आहे. ओव्हरलोडमध्ये तो कितपत लागू पडतो ते इथेच लिहीन.